तीन बांधांचा सांधा

हॅलो?

…हो, रूपालीच बोलतेय. कोण?

…अच्छा. सर, तुम्ही.

…नाही, ठेवू नका. सोमवारपासून मीच तुम्हाला लावतेय, तुम्ही उचलत नव्हता. आता केलाच आहे तर आधी माझं ऐका, मग तुमचं सांगा. एका मुलीला तुम्ही तिच्या बापासमोर खोटं पाडलंत. वर्गाला कुलूप घातलंत, घाला. कॉलेज तुमचं, कुलूप तुमचं. पण समीक्षाच्या वडिलांना कामावरनं बोलावून घेतलंत, पोरीला शेजारी उभं केलंत आणि म्हणालात, तुमची मुलगी फळ्यावर खोटं गणित लिहिते. चुकलेलं म्हणाला नाहीत. खोटं. आणि तिला एक शब्द विचारला नाहीत.

…आवाज माझा असाच आहे, सर. चढवलेला नाही. मागे टेंपो लागतायत.

…खालापूरला. गोडाऊनला असते मी, गाड्या लावून घेते… एक मिनिट हं. मेघा, ती मागची गाडी तू घे गं लावून. नाय, मी हाय इथंच… हां सर. बोला.

…मी कोण? विचारा की. बरोबरच आहे. तुमच्या कॉलेजची मी कोणी नाही.

…डिग्री नाही. दुसऱ्या वर्षाला सोडली. का सोडली, तो आजचा विषय नाही. रविवारी सकाळी तुमच्या मागच्या वर्गात जी पोरं बसायची, तो सेमिनार मी सुरू केला. चालवते म्हणजे काय, बाकं ओढते आणि कोण काय म्हणतंय ते ऐकते. शिकवत नाही. मला शिकवता येत नाही, मला अडता येतं.

…अडता. म्हणजे कळलं नाही की तसं सांगता येतं. पुढे येईल ते.

…नाही हो, प्रोग्रॅमिंगचा क्लास नाही. कॉम्प्युटरला काय जमतं, काय कधीच जमणार नाही, आणि हे मुळात ठरवायचं कसं, ते बघतो आम्ही. त्याला मशीन लागत नाही. खडू लागतो.

…परवानगी होती. तोंडी. …हो, कागद नाही. मान्य.

…कोण कोण म्हणजे? समीक्षा, पोशीरची, तुमच्याच दुसऱ्या वर्षाची. नरेश, आमच्या इथल्या वरच्या ठाकूरवाडीचा. आणि आता नवी भाविका, रसायनीच्या कॉलनीतली, बारावीला आहे. बाकी दोघं-तिघं येऊन-जाऊन असतात. …हो, नरेश आणि भाविका तुमच्या कॉलेजचे नाहीत. बाहेरचे आहेत. पण बाहेरचं कोणी होतं म्हणूनच ती चूक सापडली, सर. ते तर ऐका.

…चूक होती ना. मी कधी म्हटलं नव्हती? चूक होती, आणि मोठी होती. आम्ही सगळे तिच्यावर आठवडाभर खूश होतो. पण ती कसली चूक होती, हे तुम्हाला कोणी सांगितलंय का? …नाही ना? मग फोटोवर येते. पण आधी तुम्ही एक करा. कागद-पेन आहे हाताशी?

…फोनवर कसं काय, असं काही नाही. घ्या तर खरं.

…घेतलंत? आठ-दहा खाचरं काढा. भाताची. कशीही, तुमच्या मनाला येतील तशी, एकमेकांना लागून. फक्त बांध दिसले पाहिजेत, बाकी झाड-विहीर काही नको. तुम्ही काढत राहा, मी बोलत राहते.

…हसू नका. काढा.

तर आमच्याकडे दोन नियम. मांडणारा फळ्यापाशी उभा असतो. ज्याला कळलं नाही त्याने 'अडलं' एवढंच म्हणायचं. म्हणाला की खडू त्याच्या हातात, आणि मांडणारा त्याच्या जागी जाऊन बसतो. मग जो अडलाय त्यानेच फळ्यावर दाखवायचं, नेमकं कुठे. …हो, उलटंच आहे. कॉलेजात ज्याला येतं तो उभा असतो. आमच्यात ज्याला येत नाही तो. आणि दुसरा नियम, 'उघड आहे' हे शब्द काढायचे नाहीत. जो काढेल त्याने वॉचमनकाकांच्या शेगडीवर सगळ्यांना चहा करून आणायचा. नरेशने इतक्यांदा केलाय की आता काका त्याला नुसतं पातेलं दाखवतात.

…झाली खाचरं काढून? …अजून काढताय? काढा, काढा.

समीक्षा पहिले कितीतरी रविवार फक्त फळा पुसायची. तुमच्या तासालाही ती मागेच बसत असणार. मग एकदा आम्ही ते जुनं कोडं घेतलं, सगळ्यांनी लहानपणी केलेलं. एखादं चित्र पेन न उचलता, एकही रेघ दुसऱ्यांदा न गिरवता काढता येतं का. कुठलं येतं, कुठलं येत नाही, आणि प्रत्यक्ष काढून न बघता ते आधी सांगता येईल का. तर ही मागनं हळूच म्हणाली, ताई, चित्रं कशाला, बांधच घेऊ की. घरातनं निघायचं, प्रत्येक बांधावरून एकदाच चालायचं, एकही बांध राहायला नको, एकावरही दुसऱ्यांदा पाय नको. जमेल का? बोलून गेली आणि लगेच डस्टर उचललं. मी म्हटलं, डस्टर ठेव, खडू घे.

पुढच्या रविवारी ती मांडून आली. आणि काय मांडलं, सर. तुमच्या कागदावर बोट ठेवून बघा. जिथे एक बांध दुसऱ्याला येऊन मिळतो, त्याला ती सांधा म्हणाली. सांध्यावर उभे राहा. तीन बांध तिथे मिळालेत. एकावरून आलात, दुसऱ्यावरून गेलात. उरला एक. पण त्याच्यावरूनही कधीतरी चालायचंच आहे. त्याच्यावरून परत आलात की अडकलात, बाहेर पडायला बांधच शिल्लक नाही. म्हणजे फेरी तिथे संपायला हवी. नाहीतर मग तिथून सुरू झालेली असायला हवी. बरोबर? आता फेरीला सुरुवात एक आणि शेवट एक. म्हणजे असे सांधे फार तर दोन चालतील. तिसरा निघाला की खेळ संपला. आणि एकमेकांना लागून तीन खाचरं काढलीत की दोनाहून जास्त सांधे होतातच, करून बघा.

…हो, बाहेरचे कोपरे सोडा. तिथे दोनच बांध असतात. आलात, गेलात. त्यांचा त्रास नाही.

…पटलं ना?

…काय म्हणालात?

…सर, तुम्ही आत्ता 'उघड आहे' म्हणालात. चहा तुमच्याकडे लागला.

…अहो, नियम म्हणजे नियम. असू दे, राहिला उधार. पण मग एक सांगा. तुम्हाला पटलं. उघड आहे म्हणालात. हेच ते खोटं गणित. तिने ह्याच्याखाली ओळ लिहिली, 'तीन खाचरं झाली की एका दमात सगळे बांध चालून होत नाहीत, कुठल्याही गावात'. आणि नरेशने फोटो काढून स्टेटसला टाकला, वर लिहिलं, सिद्ध. हाच तो फोटो, जो तुमच्या मुंबईच्या ओळखीच्या प्राध्यापकांनी बघितला आणि तुम्हाला फोन करून हसले. मग दाखवा ना मला. खोटं कुठल्या ओळीत आहे?

…हॅलो?

…घ्या वेळ. मला घाई नाही. मेघा बघतेय गाड्या.

…नाही, ती ओळ बरोबर आहे.

…तीही बरोबर आहे.

…लाजण्यासारखं काही नाही हो त्यात. आम्ही तरी काय केलं? नरेश, मी, बाकीची पोरं, सगळे त्याच बाकांवर बसून माना हलवत होतो. कोणाला 'अडलं' म्हणावंसं वाटलं नाही. समीक्षा अशी उभी होती फळ्यापाशी, ओढणीला खडू लागलेला, आणि पहिल्यांदाच आमच्याकडे तोंड करून. एरवी ती फळ्याशीच बोलते.

तर आठवड्याने भाविका आली. पहिलाच दिवस तिचा. रसायनीहून एवढ्या लांब, आईला काय सांगून आली देव जाणे. समीक्षाने तिच्यासाठी म्हणून सगळं पुन्हा पहिल्यापासून मांडलं, नव्या माणसाला मांडून दाखवायचं अशी आमची रीत आहे. मांडून झालं. मी बाकं सरकवायला उठणार, तेवढ्यात ही म्हणते, अडलं. तिला नियम त्याच दिवशी कळलेला, बरं का. कुठे अडलं म्हणून विचारलं तर म्हणाली, सांध्यावर बांध तीनच का?

…हो. एवढंच. तीनच का.

नरेशला वाटलं ही काहीतरी खुळ्यासारखं विचारतेय. म्हणाला, तीन नाय तर किती? पण खडू तिच्या हातात गेलेला. ती फळ्यापाशी आली आणि त्यांच्या कॉलनीतली बाग काढली. तुम्हीही काढा, कागदाच्या मागे. एक चौकोन, बागेची बाहेरची पायवाट. आता त्याच्या प्रत्येक बाजूचा मध्य घ्या आणि ते चार मध्य एकमेकांना जोडा. आत तिरका चौकोन झाला ना? …झाला? बागेतल्या आतल्या वाटा अशाच आहेत. लहान असताना ती सायकल घेऊन जायची आणि स्वतःशीच खेळायची, सगळ्या वाटा एकेकदाच, आणि परत फाटकाशी. रोज जमायचं. तुम्ही करून बघा पेनने. बाहेरून आत, आतून बाहेर.

…जमलं?

…पाच तुकडे आहेत. तीनच्या वर. आणि तरी जमलं. आता कुठल्याही मधल्या जागेवर बघा किती वाटा मिळतात.

…चार. आलात, गेलात, पुन्हा आलात, पुन्हा गेलात. काही उरत नाही.

समीक्षा भाविकाच्या जागी बसलेली. नियमच तसा. तिच्या चेहऱ्याकडे मी बघत होते, मला वाटलं आता ही रडणार. ती उठली, फळ्यापाशी गेली, त्या बागेवर बोट फिरवलं दोनदा, आणि भाविकाला म्हणाली, पुन्हा काढ. रडणं सोडाच. डोळे असे झालेले… कसे सांगू. कुणी दार उघडून दाखवावं तसे. म्हणाली, ताई, आपल्याकडं चार बांध एका जागी मिळतच नाहीत. म्हणून मी लिहिलंच नाही की तीन धरलेत. मला माहीतच नव्हतं की मी काही धरलंय.

…थांबा. आता तुमचा पहिला कागद बघा. खाचरांचा. मी तो बघितलेला नाही, बरोबर? पण सांगते. तुमच्या कागदावर चार बांध मिळतात असं एकही ठिकाण नाही. बघा.

…बघा नीट.

…नाही ना?

…तेच. तेच म्हणतेय मी. आमच्या गोडाऊनच्या मॅनेजरला काढायला सांगितलं, त्याने सरळ जाळी काढली, आडव्या रेघा, उभ्या रेघा, सगळीकडे अधिकचं चिन्ह. मुंबईचा आहे तो. तुम्ही कुठले, सर? मूळचे?

…नेरळच्या अलीकडचे? म्हणजे पोशीरच्या शिवेवरचेच की. घरची शेती होती? …आणि लहानपणी बांध घालायला जात असाल. मग हात तसाच जाणार. समीक्षाचाही तसाच गेला, माझाही. नरेशच्या वाडीवर वरकस, डोंगरउतार, त्याचाही तसाच. सांधा नेहमी थोडा सरकवलेला. का, ते मला नक्की माहीत नाही. कोणी म्हणतं चार एका जागी आणले की माती धरत नाही, कोणी खेकड्यांचं नाव घेतं. कोणालाच नीट सांगता येत नाही, सगळे करतात मात्र तसंच.

…हो, खरंच. बघा ना. आपल्याला दिसतच नाही आपण काय धरून चाललोय ते. न कळलेलं विचारता येतं. चुकीचं बोललेलं पकडता येतं. पण जे कोणी बोललंच नाही, ते कसं पकडणार? आमचा चहाचा नियमही तिथे कामाचा नाही. कारण 'उघड आहे' असं म्हणायलासुद्धा ते आधी मनात यावं लागतं. त्याला रसायनीहून कोणीतरी यावं लागतं, बागेत सायकल चालवलेलं.

…हां. तुम्ही हसताय. मला वाटलंच होतं तुम्ही हसाल. मग आता सांगते, हसू जाऊ दे. भाविकाने हे दाखवलं तो गेलाच रविवार. समीक्षाने तिथल्या तिथे ती ओळ खोडली आणि नवी लिहिली. गाव कुठलं, खाचरं किती, ते विसरा. एवढंच मोजा की किती सांध्यांवर बांधांची संख्या विषम आहे. दोनाहून जास्त, तर नाही. नाहीतर जमतं. गाव हजार खाचरांचं असो. हे तिने त्या दिवशी मांडलं. आणि सोमवारी तुम्ही तिच्या वडिलांना, रोहिदासकाकांना बोलावून घेतलंत. चूक आमची आम्हीच आदल्या दिवशी काढली होती, सर. तुमच्या मागच्या वर्गाच्या फळ्यावर तेव्हाही ती असणार, खोडलेली ओळ आणि खाली नवी. कुलूप लावताना आत नजर टाकली असती तरी दिसली असती.

…तुम्हाला माहीत नव्हतं. हो. पण विचारलं असतं तर माहीत झालं असतं.

…मला कळतंय तुमच्यावर वरून बोलणी बसली ते. बाहेरचा माणूस फोन करून हसतो, प्राचार्य विचारतात रविवारी वर्गात कोण बसतं, आणि तुमच्याकडे कागद नाही. समजतं मला. मी तुमच्या जागी असते तर मीही चिडले असते. नरेशवर चिडा, त्याने स्टेटस टाकलं. माझ्यावर चिडा. तुम्ही नेमकी तीच धरलीत जी उलटून बोलणार नाही.

…नाही, नरेशने काढून टाकलं ते स्टेटस. मी म्हटलं होतं ठेव, आणि दुसरं टाक, 'चूक सापडली' म्हणून. पण तो घाबरला. 'ही वाडीवरची पोरं' म्हणालात ना तुम्ही, ते पोचलं त्याच्यापर्यंत.

…म्हणाला होतात. वॉचमनकाका तिथेच होते.

…असो. ते त्याला तुम्ही भेटून बोला, मी त्यात पडत नाही.

…काय? …विषम मोजायचं, हो, बस एवढंच. …नाही, खरंच एवढंच, बाकी काही बघायचं नाही. छान आहे ना? पण आता पुढचं ऐका. त्याच रविवारी जाता जाता भाविकाने विचारलं. बांध सगळे चालायला नकोत, समजा. सांधे सगळे घ्यायचे. प्रत्येक सांध्यावर एकदाच पाय, एकही राहायला नको, आणि परत घरी. बांध राहिले तर राहू देत. मग? मोजायचं काय?

…करा विचार.

…नाही, विषम-सम इथे चालत नाही. नरेशने तेच आधी करून बघितलं.

…तेही नाही.

…सर, तिथे मोजण्यासारखं काही मिळालेलंच नाही. कोणालाच. मी म्हणजे आमच्या कोणालाच नाही म्हणत, जगात. प्रत्येक नकाशाला लागू पडेल अशी झटपट रीत कोणाकडे नाही. वाटा करून बघत बसायचं, आणि नकाशा मोठा असला की कॉम्प्युटरचाही जन्म जाईल. आणि अशी रीत असूच शकत नाही, असंही कोणी सिद्ध केलेलं नाही. दोन प्रश्न बघा. एकाच कागदावरचे, बहिणी-बहिणींसारखे. एकीला चौथीतलं पोर उत्तर देईल, आणि दुसरीपुढे सगळे गप्प. असं का? ह्याच्यासाठी येतो आम्ही रविवारी. मला दुसरं काही नको असतं हो. 'असं का' एवढंच.

…हो ना? मलाही झोप आली नव्हती पहिल्यांदा वाचलं तेव्हा.

…विचारा. …वा. समीक्षानेही हेच विचारलं होतं, ह्याच शब्दांत. आपल्या बांधांसारखं सगळीकडे तीनच मिळत असतील, तर तरी सोपं होतं का? मी शोधलं. लिहिलंय की नाही होत, तीनच असले तरी तेवढंच अवघड. पण त्याचं कारण मी वाचलं आणि मला कळलं नाही. तसं तिला सांगून टाकलं. ती पानं मी तिला त्याच रविवारी रात्री धाडली, सोमवारच्या आधीच.

…आता कुठे असणार? तुमच्या तासाला येते, मागे बसते, घरी जाते. सेमिनार बंद. काकांनी फोन स्वतःकडे ठेवलाय. मी गेले होते पोशीरला. ते फार्महाऊसवर बागकाम करतात, नुकते आले होते, हातपाय धूत होते. मला बसायला दिलं, पाणी दिलं, माणूस फार चांगला. म्हटलं, काका, ती हुशार आहे, पाठवा तिला. तर काय म्हणाले, सांगू? म्हणाले, 'ताई, आमाला त्यातलं काय बी कळत नाय. पन सायेब कशाला खोटं बोलंल? पोरगी खोटं लिवत आसंल तर नको मंग ते.' आणि वर म्हणाले, हे वर्ष झालं की घरीच बसव म्हणतेय तिची आत्या.

…म्हणजे तेच, जे तुम्ही समजलात. हे वर्ष झालं की बंद. सेमिनार नव्हे, कॉलेज.

…तुमच्या शब्दाला ते किती धरतात बघा. माझ्या शब्दाने ते हलणार नाहीत. कशाला हलतील? मी गोडाऊनवाली.

…समीक्षा? त्यानंतर?

…भेटली ना. नेरळला, पोशीरच्या रिक्षात बसत होती, रिक्षा भरलेली, सुटायला आलेली. मला बघितलं आणि वाकून बाहेर आली अर्धी. म्हणाली, ताई, ती पानं कळली मला. बांधांनी हो आणि नाही लिहिता येतं. एवढंच. आणि रिक्षा सुटली.

…मला काय माहीत म्हणजे कसं. मीही तेव्हापासून तेच घेऊन बसलेय.

…काय? पुन्हा सांगा, टेंपो गेला मध्ये.

…सांध्यांचा एखादा पुंजका असा रचायचा की त्यातून जायचे दोनच मार्ग. ह्या बाजूने गेला तर हो, त्या बाजूने गेला तर नाही. …बरोबर, मीही तिथपर्यंत आले. म्हणजे चालणारा माणूस चालता चालता उत्तरं देत जातो, आणि कुठलंही अवघड हो-नाहीचं कोडं बांधांत मांडता येईल. पण मग पुढे? इथे हो म्हणाला, ते पलीकडच्या पुंजक्याला कळणार कसं? त्याने तिकडे नाही म्हणून चालणार नाही ना. बांध काय निरोप नेतो का?

…तिथेच ना? तिथेच अडलंय माझंही.

…तुम्ही काढताय? कागद पुरेल का? …हो, तसं जोडून बघा. …नाही, तिथे मग चार मिळतील. तीनच हवेत.

…हं.

…नाही, मी नाही विचारलं तिला पुन्हा. आणि विचारलं तरी ती सांगायची नाही. असं घाईत, रस्त्यात नाही. तिला फळा लागतो. एकदा तोंड आमच्याकडे करून उभी राहिलीय ती, सर, ती तशीच उभी राहून सांगेल. येत्या रविवारी तिचीच पाळी होती.

…कुलूप? काढा, राहू द्या, तुमची मर्जी. आमच्या विहारात फळा आहे, सतरंजी आहे. नरेश येईल, भाविका येईल. वर्गासाठी नव्हते मी सोमवारपासून फोन लावत.

…नाही, तिला तासाला बोलावून घेऊन नाही. तिला समजावायची गरज नाही, तिला सगळं समजलेलं आहे. ज्यांच्यासमोर 'खोटं' म्हणालात त्यांना सांगा. रोहिदासकाकांना. त्यांच्याशी बोला.

…प्राचार्यांना विचारून? बाप बोलावताना विचारलं होतं?

…हो, लागलं असेल तुम्हाला. लागू दे. मी गोड बोलायला शिकले नाही.

…पुढच्या आठवड्यात नाही. रविवार परवा आहे. आणि आत्या रोज बोलतेय तिकडे.

…'बघतो' नको, सर. 'बघतो' मी खूप ऐकलंय, माझ्या वेळीही ऐकलंय. तुमच्या पुढ्यात तो कागद आहे. त्या पुंजक्याचा निरोप पलीकडे कसा जातो हे तुम्हाला हवंय, मला हवंय. आपल्यात ते एकीलाच कळलंय, आणि तिचं तोंड तुम्ही बंद केलंय. ते तुम्हालाच उघडावं लागेल, दुसऱ्या कोणाला येत नाही ते.

…नंबर आहे माझ्याकडे. पाठवते. काका सहाला सुटतात.

…नाही, मी नाही ठेवत. आधी मला सांगा. आज त्यांना फोन लावलात, त्यांनी उचलला, म्हणाले, 'बोला सायेब'. पुढे काय बोलणार तुम्ही? पहिलं वाक्य. मला आत्ता ऐकवा.

…हॅलो?

…आहात, मला कळतंय तुम्ही आहात. पेनचा आवाज थांबलाय.

…काय सांगणार त्यांना, सर?